कॅप्टन टिपणीसांचं बारावं विमान

चिंतामणी टिपणीस हे गृहस्थ मला प्रथम भेटले ते पायांकडून. चौऱ्याऐंशी सालचा मे महिना होता. अंबरनाथ पूर्वेला आमच्या कॉलनीच्या फाटकाबाहेर एक स्कूटर उभी होती आणि तिच्याखालून पॉलिश केलेले काळे बूट बाहेर आले होते. बूट हलत नव्हते. मी घाबरून वाकलो आणि विचारलं, "अहो, फार लागलंय का?"

"डावीकडचा नट बघतोय," स्कूटरच्या पोटातून आवाज आला. "तुम्ही कुठे निघालात?"

"स्टेशनला."

"सोडतो. बसा. आत्ता नाही, मी सांगेन तेव्हा."

त्यानंतर जे सुरू झालं त्याला तपासणी म्हणणं म्हणजे कुंभमेळ्याला गर्दी म्हणण्यासारखं आहे. बूट बाहेर आले, त्यांच्यामागून पांढराशुभ्र शर्ट आणि टोकदार मिश्या आल्या. मग कॅप्टननी स्कूटरला उजवीकडून प्रदक्षिणा घातली. टायरला लाथ मारली, हँडल दोन्हीकडे वळवून बघितलं. पेट्रोलच्या टाकीत काडी बुडवून काडी उन्हात धरली, हुंगली. मला मागे उभं करून ब्रेक दाबला आणि दिवा लागला की "लाल!" असं ओरडायला लावलं. शेवटी खिशातून एक कार्ड काढून ते स्वतःलाच मोठ्याने प्रश्न विचारू लागले. "चोक?" मग स्वतःच उत्तर, "चोक." "आरसा?" "आरसा." तेवढ्या वेळात माझ्यामागून निघालेली माणसं स्टेशनला जाऊन, कल्याणला भाजी घेऊन परत आली. फाटकाजवळच्या पपईला मी उभा राहिलो तेव्हा फूल होतं, बसलो तेव्हा पपई पिकली होती. बसल्यावरही सुटका नव्हती. "पाय फूटरेस्टवर. वळणावर माझ्याबरोबर वाकायचं, माझ्याविरुद्ध नाही. प्रसंग आलाच तर डावीकडून उतरायचं, सामान घ्यायला थांबायचं नाही."

सामान म्हणजे माझा डबा. अंतर सव्वा किलोमीटर.

त्या दिवसापासून ते मला 'पॅसेंजर' म्हणू लागले आणि दहा वर्षं दुसरं काही म्हणाले नाहीत.

कॅप्टन खरोखरचे वैमानिक होते. सरकारी विमान कंपनीत बोइंग चालवत होते. असा माणूस बांद्रा-जुहू सोडून अंबरनाथला का राहतो, याचं उत्तर मालिनीवहिनी होत्या. त्यांच्या वडिलांचा इथे प्लॉट होता आणि त्यांना विमानाच्या आवाजाने अर्धशिशी व्हायची. त्यामुळे कॅप्टनना दिल्ली दोन तासांवर होती आणि त्यांचा स्वतःचा विमानतळ अडीच तासांवर.

पण त्यांचा खरा अभिमान बोइंगचा नव्हता, आकड्याचा होता. माणसाने आयुष्यात किती प्रकारची विमानं उडवली यावर ते त्याची किंमत करत. स्वतःची अकरा. ती ते बोटांवर मोजत. टायगर मॉथ, चिपमंक, पुष्पक ही फ्लाइंग क्लबातली. मग आसामात तांदळाची पोती नेणारा डकोटा. मग वायकिंग, स्कायमास्टर, व्हायकाउंट, फॉकर, अ‍ॅव्हरो, कॅराव्हेल. इथे दहा बोटं संपत. अकराव्या बोइंगसाठी ते नाकाच्या शेंड्याला हात लावत. बाराव्यासाठी डावा कान राखून ठेवला होता.

बारावं एअरबस व्हायचं होतं. ते कमळाकर नावाच्या त्यांच्या क्लबातल्या जोडीदाराला मिळालं. दोघांनी एकाच दिवशी, एकाच टायगर मॉथवर शिकायला सुरुवात केली होती. एअरबसच्या ट्रेनिंगला एक जागा होती, कमळाकर नोकरीत चार महिन्यांनी सीनियर निघाला आणि फ्रान्सला गेला. तेव्हापासून दर नव्या वर्षाला त्याचं शुभेच्छापत्र यायचं. आत काही लिहिलेलं नसे. खाली फक्त, 'तुझा कमळाकर (१२)'.

कॅप्टनही उत्तर पाठवत. 'तुझा चिंतामणी (११)'. ते पाकीट चिकटवताना घरात कोणी बोलायचं नाही असा नियम होता.

आता गंमत अशी की ज्या गावात त्यांनी हा आकडा मिरवायचा ठरवलं, त्या गावात त्याला काडीची किंमत नव्हती. अंबरनाथ हे कारखान्यांचं गाव. इथे माणूस चिकटला तो एका मशीनला चिकटतो आणि त्या मशीनसकट म्हातारा होतो. शेजारचे अण्णा दिवेकर पुढे निवृत्त झाले ते एकाच लेथवर अठ्ठावीस वर्षं काढून. लेथला ते 'आमची' म्हणत, बायकोला 'घरातली'. मी स्वतः परचेस खात्यात एकाच खुर्चीवर बावीस वर्षं बसून होतो आणि त्या खुर्चीला माझा आकार आला होता. त्यामुळे पहिल्यांदा जेव्हा गणपतीत कॅप्टननी नाकाला हात लावून मोजणी संपवली आणि टाळ्यांची वाट बघितली, तेव्हा अण्णांनी फार हळुवारपणे विचारलं, "अकरा मशीनं बदलली? एकही जमलं नाही का हो नीट?"

कॅप्टननी नाकावरचा हात काढला. "अण्णा, ही प्रगती आहे!"

"असेल. आमच्याकडे सारखं मशीन बदलतात त्याला बदली कामगार म्हणतात." मग अण्णांना त्यांची दया आली. "होतं एकेकाचं तसं. नोकरी टिकली हे महत्त्वाचं."

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या बायकोने मालिनीवहिनींना दिलासा म्हणून वाटीभर खीर पाठवली.

ब्याण्णवला कॅप्टन अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. परवाना साठीपर्यंत होता. सतरा फेब्रुवारी चौऱ्याण्णवला साठ पूर्ण, आणि त्यानंतर पगारी वैमानिक म्हणून खेळ खलास. म्हणजे बाराव्या विमानासाठी दोन वर्षं. त्यांनी भारतातल्या प्रत्येक नव्या खासगी कंपनीला अर्ज केले. साठीला टेकलेल्या माणसाला नवं विमान शिकवून कोण पैसे फुकट घालवणार? सगळीकडून सुबक टाइप केलेले नकार आले. कॅप्टन सकाळी स्कूटर तपासत आणि संध्याकाळी परत तपासत. मधे ती कुठे गेलेली नसे.

आणि मग उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात त्यांना परसराम छाबलानी भेटले.

त्र्याण्णवच्या दिवाळीआधी कॅप्टनना पँट घ्यायची होती आणि त्यांनी मला सोबत नेलं. छाबलानींचा जीन्सचा कारखाना, खाली दुकान, वर चाळीस मशीनं घरघरणारी. नोकराने पँट पुढे टाकली. कॅप्टननी ती हँगरला टांगली आणि उजवीकडून प्रदक्षिणा सुरू केली. प्रत्येक बटण ओढलं. चेन अकरा वेळा वर-खाली केली. शिवण उलटून उजेडाकडे धरली. दुकानातली गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली, मी हळूच दुसऱ्या काउंटरकडे सरकलो.

"ओ साईं," गल्ल्यावरून छाबलानी म्हणाले, "पँट घेताय की लडकी पसंत करताय?"

"डाव्या खिशाचा टाका सुटलाय," कॅप्टन म्हणाले.

छाबलानींनी चष्मा लावून बघितलं. सुटला होता. पंधराशे पँट त्याच दिवशी दुबईला निघायच्या होत्या. त्यांनी वर ओरडून सगळा माल उघडायला लावला आणि कॅप्टनना चहा मागवला. "साईं, तुम्ही काम काय करता?"

तासाभराने आम्ही बाहेर पडलो तेव्हा कॅप्टनना नोकरी लागली होती. त्या काळात ज्याच्याकडे चार मशीनं जास्त झाली तो विमान कंपनी काढत होता. छाबलानींनी 'सिंधू एअर टॅक्सी' नोंदवली होती आणि परदेशातून एक जुनं, दोन इंजिनांचं, नऊ खुर्च्यांचं विमान मागवलं होतं. मुंबई-औरंगाबाद करायचा विचार होता. त्यांनी ते अजून पाहिलं नव्हतं, पण रंग ठरवला होता.

"पण हा प्रकार मी उडवलेला नाही," कॅप्टन प्रामाणिकपणे म्हणाले. "शिकावं लागेल. परीक्षा असते."

"अरे साईं, सिलाई तो सिलाई है. मशीन कोणती पण असो."

हे वाक्य दुसऱ्या कोणी उच्चारलं असतं तर कॅप्टननी त्याला स्कूटरवरून उतरवलं असतं, डावीकडून. पण त्या दिवशी त्यांनी छाबलानींशी हात मिळवला. रिक्षात बसताना त्यांचा हात आपोआप डाव्या कानाकडे गेला.

पुढचे तीन महिने टिपणीसांच्या घरात विमान राहायला आलं. कॅप्टननी त्याचं जाडजूड पुस्तक पाठ केलं. मालिनीवहिनी मटार सोलता सोलता पुस्तक मांडीवर घेऊन प्रश्न विचारत.

"डावं इंजिन पेटलं तर?"

"इंधन बंद. पंखा आडवा. आग विझवायची कळ."

"आणि आमटी उतू गेली तर?"

"कळव मला."

"कळवलं. दोनदा. उठा आता."

लेखी परीक्षेत ते पंचविशीतल्या पोरांच्या पुढे आले. आता एवढंच उरलं होतं की दिल्लीहून येणाऱ्या परीक्षकाबरोबर त्या विमानात बसून ते चार वेळा उडवायचं, चार वेळा उतरवायचं. मग लॉगबुकात बारावं नाव. पण विमानच येईना. त्याचे कागद कुठल्या तरी टेबलावर अडकले होते. जानेवारी गेला. कमळाकरचं (१२) येऊन पडलं. कॅप्टननी त्या वर्षी उत्तर पाठवलं नाही. "थांब जरा," ते पाकिटाला म्हणाले.

आठ फेब्रुवारीला, साठीला नऊ दिवस उरले असताना, विमान जुहूला तयार उभं राहिलं. परीक्षक एका दिवसापुरता आला होता. छाबलानींनी पास काढून आम्हाला मारुती व्हॅनमधून नेलं, वहिनींना, मला आणि अण्णांना. अण्णा तोवर निवृत्त झाले होते, कोणत्याही मशीनला भेटायला तयार असत. कॅप्टन इस्त्रीच्या गणवेशात होते. विमान निळं-पिवळं रंगवलेलं होतं आणि अगदी मिठाईच्या खोक्यासारखं दिसत होतं.

कॅप्टननी उजवीकडून प्रदक्षिणा सुरू केली. पंख, पंखे, नाक. टायरला लाथ. मग ते डाव्या चाकाच्या पायाखाली शिरले आणि पुन्हा मला फक्त बूट दिसू लागले. बराच वेळ.

"इथे चीर आहे," आतून आवाज आला.

हँगरचा इंजिनिअर वाकला. म्हणाला, रंगकाम करताना ओरखडा उठलाय. त्याने कागदावर सही केलेलीच होती. परीक्षकाने घड्याळ बघितलं. छाबलानी घामाघूम. "साईं, ओरखडा आहे म्हणतोय ना! आज का दिन मत गँवाओ. तुमचाच नंबर पुरा व्हायचाय!"

तेवढ्यात अण्णा, कोणी न बोलावता, खाली बसले. त्यांनी अंगठ्याचं नख त्या रेषेवरून सावकाश फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून. डोळे मिटून.

"चरा आहे," अण्णा म्हणाले. "रंगातला. धातू शाबूत."

"खात्री किती?" कॅप्टननी विचारलं.

"अठ्ठावीस वर्षं."

"अण्णा, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण यादीत नख नाही. रंग काढून, भेगेत शिरणारा डाय लावून तपासायचं असं पुस्तकात आहे."

"त्याला किती वेळ?" छाबलानींनी इंजिनिअरला विचारलं.

इंजिनिअर म्हणाला, चाक उतरवावं लागेल, तपासणीचं सामान बंगलोरहून मागवावं लागेल, दोन आठवडे.

नऊ आणि चौदा यांतला फरक तिथल्या प्रत्येकाला कळत होता. वहिनी म्हणाल्या, "अहो, अण्णा सांगतायत ना. ते उगाच नाही सांगायचे."

कॅप्टन उठले, गुडघे झटकले. विमानाकडे बघत म्हणाले, "मी अकरा विमानं उडवली म्हणजे अकरा वेळा नवशिका झालो. हे कुठे दगा देतं ते मला अजून माहीत नाही. माहीत असतं तर कदाचित गेलो असतो." मग परीक्षकाशी हात मिळवून त्यांनी टोपी काढली आणि व्हॅनमध्ये जाऊन बसले. बसण्याआधी व्हॅनच्या टायरला लाथ मारली.

परतीच्या वाटेवर अण्णा पुन्हा पुन्हा म्हणत होते, "चराच होता हो." आणि कॅप्टन दर वेळी सभ्यपणे म्हणत होते, "असेल."

कॉलनीत निकाल लगेच लागला. बाराव्या मशीनवरही जमलं नाही. खिरीची वाटी पुन्हा आली.

सतराला कॅप्टन साठ वर्षांचे झाले. वहिनींनी शिरा केला. त्याच संध्याकाळी त्यांनी कमळाकरचं राहिलेलं उत्तर लिहिलं, खाली (११), आणि मलाच टपालात टाकायला दिलं.

तपासणीचा अहवाल चोवीसला आला. रंगातला चरा होता. ते विमान मग नागपूरच्या एका तिशीच्या वैमानिकाने तीन वर्षं मुंबई-औरंगाबाद उडवलं. विमानाला काहीही झालं नाही.