गाठ माझी, रिपोर्ट साहेबांना

"साहेब, रिपोर्ट चांगला नाही," अकोल्याचे डॉक्टर म्हणाले. बघत होते माझ्या नवऱ्याकडे. गाठ माझ्या छातीत होती आणि मी शेजारच्याच खुर्चीत बसले होते.

मग ते दोघं बाहेर जाऊन बोलले. आत आले तेव्हा यांचा चेहरा उतरलेला. "लहानसं ऑपरेशन आहे," एवढंच मला सांगितलं.

बायोप्सी, म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं, आधीच झाली होती. काय असेल ते मी ओळखलं होतं. पण तो शब्द माझ्यापुढे उच्चारायला कोणी तयार नव्हतं.

माझे यजमान रिसोड तालुक्यातले पुढारी. जिल्हा परिषदेत बरीच वर्षं निवडून आले. मला मात्र लोक वेगळ्या कारणाने ओळखतात. पारधी बेड्यावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, कोणाला पोलिसांनी उगाच उचललं, की मी ठाण्यात जाऊन बसायची. "याचा गुन्हा काय, ते याले सांगा. नाही तं सोडा." मग ठाणेदारांचा माझ्या नवऱ्याला फोन यायचा, "साहेब, वहिनींना समजवा." त्यापायी यांची मतंही गेली असतील, पण यांनी मला कधी अडवलं नाही. आणि आता हाच माणूस माझाच आजार माझ्यापासून लपवत होता!

भरती झाल्यावर तर कहरच. आमच्याकडच्या केनवडहून कार्यकर्त्यांच्या गाड्या यायला लागल्या. गुच्छ काय, पलंगाशी उभं राहून फोटो काय! सलाईन लावलेल्या हाताने नमस्कार तरी किती करायचा? सिस्टर ओरडली, तर एकजण तिलाच म्हणाला, "वळखत नाही का, कोनाच्या मिसेस आहेत?"

मीच म्हटलं, "भाऊ, पेशंट आहो मी. जा आता."

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी डॉक्टर राऊंडला आले आणि पुन्हा यांच्याशीच बोलायला लागले. माझं डोकं फिरलं.

"डॉक्टरसाहेब, इकडं पाहा. मले काय झालं? अन् उद्या तुमी माहं काय कापनार? सांगितल्याबिगर मी इथून हालत नाही."

"मॅडम, टेन्शन घेऊ नका."

"न सांगितल्यानंच टेन्शन येऊन राह्यलं."

"अवं, तुले तरास होऊ नये म्हनून..." हे म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

डॉक्टर स्टूल ओढून बसले. स्तनाचा कॅन्सर, पण दूर पसरलेला नाही. माझ्यापुढे दोन मार्ग होते. मास्टेक्टॉमी, म्हणजे पूर्ण स्तन काढणं. किंवा लम्पेक्टॉमी, म्हणजे फक्त गाठ काढून नंतर काही आठवडे रेडिएशन, किरणांचा उपचार. माझ्या बाबतीत दोन्ही चालण्यासारखे होते. यांनी पहिला परस्पर ठरवूनही टाकला होता.

दिवसभर मी विचार केला. बाथरूमच्या आरशापुढे उभी राहून रडले. संध्याकाळी सांगितलं, "पूर्ण काढा. रोज-रोज रेडिएशनले येनं मले झेपनार नाही."

हे वैतागले. "हेच तं मी ठरवलं होतं! मंग एवढा कल्ला कायले केला?"

"तुमी ठरवलं होतं म्हनून."

ऑपरेशन नीट झालं. नंतर केमो, म्हणजे सलाईनमधून दिलेलं औषध. ते कॅन्सरच्या पेशी मारतं, तसे केसही नेतं. तोंड सोलून निघालं. वरणाच्या वासानेही उलटी व्हायची. यांनी सभा सोडून मला चमच्याने पेज भरवली, ते मी विसरणार नाही.

बायांनो, छातीत गाठ लागली तर लाजू नका, लवकर दाखवा. आणि डॉक्टर घरच्या माणसाशी बोलायला लागले, तर मधे बोला. उद्धट म्हणतील, म्हणू द्या.

परवा तपासणीला गेलो. केमो संपल्यानंतरचा पहिला स्कॅन होता. नव्या डॉक्टरांनी सवयीने सुरुवात केली, "साहेब, यांचं असं आहे..."

हे उठलेच. "मले नका सांगू. तिले सांगा. मी भायेर बसतो."

मी त्यांची बाही धरली. "बसा. आयका फक्त."

हे बसले. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "सध्या कुठेही कॅन्सर दिसत नाही." यांनी माझा हात घट्ट धरला, आणि मी डॉक्टरांना विचारलं, "पुढची तपासनी कवा?"