भिंतीला लावलेला कान
नव्या चुन्याचा वास आला, की मला अधारतालच्या घरातली ती दुपार आठवते. पक्षाघाताने आत्याची वाचा गेली होती, म्हणून ती चित्रं काढायची आणि आम्ही मुलं त्यावरून म्हणी ओळखायचो. त्या दिवशी तिने भिंत आणि भिंतीला चिकटलेला कान काढला. "भिंतीलाही कान असतात!" मी ओरडले. आत्याने जोरात नकारार्थी मान हलवली आणि शेजारच्या घराला लागून असलेल्या, नुकताच चुना दिलेल्या भिंतीकडे बोट दाखवलं. बाबांनी कान लावला. "अरे, पलीकडून कोणी ठोकून राहिलंय!" त्यांनी दार तोडलं, तर एकटे राहणारे शेजारचे काका जमिनीवर निपचित पडलेले. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर ते म्हणाले, "मैंने कहाँ ठोका, बेटा? मेरे तो हाथ ही नहीं उठ रहे थे." अजूनही मला भिंतीला टेकून बसवत नाही.