भांगाचं रुंदीकरण

समस्त नातेवाईक, शेजारी व हितचिंतकांस कळविण्यास अत्यंत दुःख होते की, माझ्या भांगाच्या रुंदीकरणाचे काम सुरू झाले आहे. ते कोणी काढले आणि कधी संपणार, याचा फलक कुठेही लावलेला नाही.

हे निवेदन मी आरशासमोर, पदर डोळ्यांना लावून, माझ्या थोरल्या जाऊबाईंना वाचून दाखवल्यासारखं ऐकवलं. त्यांना मी वहिनी म्हणते. वहिनी खो खो हसल्या. मला मात्र हसू येईना, कारण आईचं असंच सुरू झालं होतं. संप झाला, बाबांची गिरणी कायमची बंद पडली आणि लालबागच्या आमच्या खोलीत आईचे केस भांगापासून विरळ होत गेले. चाळीतल्या बायका म्हणायच्या, काळजीनं गेले. पुढे बाबांना दुसरीकडे काम लागलं, काळजी निवली, केस काही आले नाहीत. पन्नाशीत तिनं डोक्यावरचा पदर काढणंच सोडलं. आता पन्नाशी माझी होती. रोज सकाळी फणीतलं गुंतवळ बोटाला गुंडाळताना मी वेढे मोजायचे.

दादरला एक डॉक्टरीणबाई डोक्याची त्वचा कॅमेऱ्यानं मोठी करून बघतात, असं कळलं. फोनवर त्यांनी बजावलं, तेल लावून येऊ नका. निघताना सोबत येणाऱ्या वहिनींनी माझा भांग पाडला आणि काजळाची डबी उघडली. लग्नकार्यात आमच्याकडे विरळ भांग काजळ चोळूनच झाकतात.

"अहो वहिनी, आज नको!"

"तेल नको म्हणाल्या ना? काजळाचं काय बोलल्या? परक्या ठिकाणी अशी उघडी जातेस की काय गो?"

मी मान पुढे केली.

डॉक्टरांनी मुठीत मावणारा कॅमेरा भांगावर टेकवला आणि पडद्यावर एकेक केस माडाएवढा उभा राहिला. त्यांच्यामध्ये सगळीकडे काळे ठिपके. डॉक्टर पडद्याकडे झुकल्या.

"केस कातडीलगत तुटले की असे ठिपके दिसतात. काही लावलंय का?"

"तेलाचा थेंबही नाही!"

"मग कदाचित कातडीचा बारीकसा तुकडा काढून तपासावा लागेल."

कातडीचा तुकडा! त्या धास्तीत काजळ माझ्या डोक्यात होतं कुठे? ते डोक्यावर होतं. इतक्यात मागून वहिनींचा कधी नव्हे इतका बारीक आवाज आला.

"डॉक्टर, तेल नाही लावलं. काजळ आहे."

डॉक्टरांनी एकदा वहिनींकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग स्पिरिटच्या बोळ्यानं भांग पुसला. बोळा काळाकुट्ट, आणि पडद्यावरचे ठिपके गायब.

"आता खरं दिसतंय. जाड केसांत बारीक केस मिसळलेत. बऱ्याचदा हे घराण्यातूनच येतं."

"म्हणजे आईसारखं होणार?"

"कल तसा आहे. पण तुमची मुळं अजून जिवंत आहेत. औषध नेमानं घेतलंत तर आहेत ते टिकतील, थोडे दाटही होतील. सगळे परत येतील असं मी सांगणार नाही."

माझा अर्धा श्वास सुटला, अर्धा अडकूनच राहिला. तुलनेसाठी त्यांनी कॅमेरा मागे, मानेच्या वर टेकवला. पडद्यावर घनदाट रान! एकेका छिद्रातून दोन-दोन, तीन-तीन केस.

"मागचे सहसा जात नाहीत," डॉक्टर म्हणाल्या.

वहिनी उठल्या, थेट पडद्याला नाक लावलं आणि बाहेर बसलेल्या पेशंटांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, मागे एवढी गर्दी करून उभे आहेत, त्यांना जरा पुढे सरकायला सांगा की!"