गोविंद मास्तरांची रजा

१९८३ साली मी सातारा सोडलं तेव्हा आईनं हातावर दही घातलं आणि आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच वाक्य टाकलं. "जातेस तर जा नलू, पण गोविंदा होऊ नकोस." झालं! टॅक्सी वळली तशी आई दिसेनाशी झाली आणि माझ्या नवऱ्यानं, सुधीरनं, विचारलं, "हा गोविंदा कोण?" सुधीरला एडिनबऱ्याच्या हॉस्पिटलात नोकरी लागली होती. आमच्या घराण्यातला गोविंदा त्याच गावी एकदा गेला तो गेलाच.

गोविंद मास्तर हे आप्पांच्या आजोबांचे थोरले भाऊ. एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्र शिकायला एडिनबऱ्याला गेले आणि तिथल्याच एका कॉलेजात पोरांना ते शिकवत राहिले. इकडे त्यांच्या आईनं अंथरूण धरलं. पत्रांवर पत्रं गेली, मास्तर आले नाहीत. आई त्यांचं नाव घेत गेली. मग त्यांच्या वडिलांनी जिवंत मुलाचं घटश्राद्ध घातलं. पाण्यानं भरलेला घडा लवंडला आणि गावाला सांगितलं, हा आम्हाला मेला. पितृपक्षात आमच्याकडे गुरूला, मित्राला, ज्याचं कोणी नाही त्यालासुद्धा तिळाचं पाणी मिळतं. यांना तेवढं नाही. लहानपणी मी आईला उलट बोलले की आप्पा म्हणायचे, "गोविंदाचं रक्त!"

पहिली वर्षं मजेत गेली, खोटं कशाला बोलू? मला हॉस्पिटलच्याच लॅबमध्ये नोकरी मिळाली, मुलगी झाली, घराचं मॉर्गेज झालं. बस रोज त्या जुन्या कॉलेजवरून जायची. धुरानं काळी पडलेली ती इमारत आली की मी दुसरीकडे बघायचे. बाई गं, आपल्याला काय करायचंय!

८७ च्या फेब्रुवारीत आई गेली. माझा पासपोर्ट व्हिसा वाढवायला पाठवलेला होता. पासपोर्ट नाही तर निघणार कशी? हे मी सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांना पटलं. पण चौथ्या दिवशी तो पोस्टानं दारात येऊन पडला, हे मी कुणाला सांगितलं नाही. तेव्हा निघायला हवं होतं. मी म्हटलं, आता जाऊन काय? मुलगी लहान आहे, लॅबमध्ये माणसं नाहीत. कारणांचं काय, हाक मारली की धावत येतात. आप्पा फोनवर एवढंच म्हणाले, "ती दाराकडे बघत होती." त्यानंतर सात वर्षं त्यांनी आपण होऊन फोन केला नाही. मी दर रविवारी करायचे. "बरं आहे," म्हणायचे आणि ठेवायचे. एकदा मी मुलीला घेऊन साताऱ्याला पंधरा दिवस राहून आले, तर आप्पा नातीशी बोलले, माझ्याशी नाही.

त्या वर्षांत मी त्या इमारतीकडे बघायला लागले. वरच्या एका खिडकीत कोणीतरी उभं आहे आणि मला ओळखतंय असं वाटायचं. सुधीर हसायचा. मला भीती वाटायची. आपणही असेच इथं राहणार आणि घरी आपलं नाव निघणार नाही, या भीतीनं मी बसमध्ये रडले आहे.

आमच्या लॅबमधली मॉरीन रिटायर झाल्यावर त्या कॉलेजचे जुने कागद लावायला जायची. ९४ च्या उन्हाळ्यात तिला रसायन विभागातल्या शिक्षकांचं जुनं हजेरीबुक मिळालं. त्यात भारतीय नाव दिसलं म्हणून मला घेऊन गेली, आणि नाव निघालं गोविंद मास्तरांचं. हे मास्तर कधी खाडा न करणारे, आजारपणातही आलेले, आणि दर वर्षी एकच दिवस गैरहजर! कधी सप्टेंबरच्या मध्यात, कधी अखेरीस, एकदा ऑक्टोबरात. अशी अकरा वर्षं. "ड्रिंकर असणार, डिअर," मॉरीन म्हणाली. बिचारीला कसं कळावं! तारीख फिरते पण दिवस चुकत नाही, म्हणजे तिथी. पण कोणती? तेव्हाचं पंचांग मी कुठून आणू?

आप्पांना पंचांगाचं वेड. मी अकरा तारखा कागदावर उतरवल्या, कुणाच्या ते लिहिलं नाही, आणि पाठवून दिल्या.

तीन आठवड्यांनी फोन वाजला. आप्पा. "नलू, सगळ्या काढल्या. अकराच्या अकरा भाद्रपद वद्य नवमी. अविधवा नवमी. सवाष्ण गेलेल्या आईला पाणी देतात तो दिवस. कोण गं हा मुलगा?"

"गोविंद मास्तर," मी म्हटलं.

फोनमधून रडणं ऐकू आलं. आईच्या वेळीही आप्पांना रडताना मी ऐकलं नव्हतं. मग म्हणाले, "आणि तू? आईच्या नवमीला तू काय करतेस?"

खोटं बोलता आलं असतं. "कामावर जाते, आप्पा. पासपोर्ट चौथ्या दिवशी आला होता. मी निघाले नाही. आता कुठल्या तोंडानं पाणी देऊ?"

"त्यानं दिलंच ना," आप्पा म्हणाले. "वेडे, चुकलेल्या पोरानं दिलेलं पाणी आईला पोचत नाही असं कोणी सांगितलं तुला? पुढच्या नवमीला ये."

मी गेले. त्याच सप्टेंबरात आप्पांच्या मागे पाटाला पाट लावून बसले. आईचं झालं. मग आप्पांनी पळीत पाणी घेतलं, गुरुजींनी नाव विचारलं. त्यांनी गोविंद मास्तरांचं पूर्ण नाव घेतलं, आणि गोत्र आमचंच सांगितलं. मला हुंदका आवरेना.

तुम्ही देशात मागे राहिलेले मला विचारता, घर कुठलं? माझ्यासारखे परदेशी आलेलेही विचारतात. सातारा की एडिनबरा, हे मला आता सांगता येत नाही. 'चुकलीस, पण ये' असं म्हणणारं माणूस जिथं आहे, तिथं मी घरी असते. मला ते म्हणणारे आप्पा मिळाले. गोविंद मास्तरांनी अकरा वर्षं रजा काढून पाणी दिलं, आणि त्यांना 'ये' असं कुणीच म्हणालं नाही.