गळ्याचं माप

आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या टेलरमास्तरांचा टेपवर फार विश्वास. गिऱ्हाईकानं कितीही ठामपणे छाती चाळीस सांगितली, तरी स्वतः मोजल्याशिवाय ते कापडाला कात्री लावत नाहीत.

मास्तरांना मधुमेह. अंगानं भारी, आणि घोरणं असं की मागच्या खोलीत झोपले तरी पुढे दुकानात मशीन चालू आहे असं वाटावं. त्या घोरण्यात मध्येच श्वास अडतो, हे त्यांच्या बायकोनं, दुकानात काज-बटणं करणाऱ्या वहिनींनी, आधी ओळखलं. मास्तरांचे थोरले भाऊ असेच घोरायचे. एका सकाळी ते उठले ते उजवी बाजू लुळी पडूनच. तेव्हापासून वहिनी रात्री उठून मास्तरांचा श्वास चालू आहे ना ते बघत.

डॉक्टरांनी झोपताना नाकाला लावायचं हवेचं यंत्र दिलं आणि साखर-वजनासाठी आठवड्याचं इंजेक्शन. अशा रुग्णांना पक्षाघाताचा धोका जास्त असतो, या औषधानं तो कमी होत असावा, पण खात्री देता येत नाही, असं ते म्हणाले. मानेच्या जाडीचाही श्वासाशी संबंध असतो, हेही बोलण्यात आलं. मास्तरांनी नेमकं तेवढंच लक्षात ठेवलं.

आठ महिन्यांत अठरा किलो उतरले. मास्तरांनी आरशासमोर गळ्याचं माप घेतलं. साडेसतराचं पावणेसोळा. झालं, यंत्र खोक्यात गेलं. वहिनी डॉक्टरांना विचारा म्हणून मागे लागल्या, तर म्हणाले, "माझ्यावर नाही, निदान टेपवर तरी विश्वास ठेव."

तीन आठवड्यांनी दुपारी मी सदरा घ्यायला गेलो होतो. बाही आखता आखता मास्तरांच्या हातातून खडू पडला. उचलायला गेले तर बोटं वळेनात. काहीतरी बोलले, ते शब्द नव्हते.

"अहो, दोन्ही हात वर करा," वहिनी म्हणाल्या. उजवा हात अर्ध्यावरूनच खाली आला.

मी रुग्णवाहिकेला फोन केला. दवाखान्यात पोचेपर्यंत हात हलू लागला, बोलणंही सुधारलं. डॉक्टरांनी सांगितलं, हा पक्षाघाताचा इशारा होता, पुढचा झटका असा परत फिरेल याचा भरवसा नाही. झोपेची तपासणी केली. तासाला बावीस वेळा श्वास अजूनही अडत होता. इंजेक्शन आपलं काम करत होतं, पण यंत्र काढायचं की नाही हे तपासणीनं ठरायचं होतं, टेपनं नव्हे.

यंत्र पुन्हा लागलं. आता रोज सकाळी पाय खाली टेकण्याआधी वहिनी मास्तरांना दोन्ही हात वर करायला लावतात. पोलिसांना शरण आलेला चोर झालोय, असं ते सगळ्यांना सांगत असत. मग एकदा त्यांनी गंमत म्हणून उजवा हात सोडून दिला. वहिनी तशाच फोनकडे धावल्या, आणि मास्तरांनी दोन्ही हात वर करून दाखवल्यावरच थांबल्या.

त्यानंतर मास्तरांनी ती थट्टा कधी केली नाही. सांगायच्या आधीच हात वर करतात, आणि वहिनी "पुरे" म्हणेपर्यंत तसेच धरून बसतात.