दत्ताराम घाडीचं चौदावं कलम

‘काम काय करतोस?’ असं कुणी विचारलं, की जोगेश्वरीचा दत्ताराम घाडी म्हणायचा, ‘लोकांना हजर करतो.’ खोटं नव्हतं ते. अंधेरीत माणसं पुरवणारी एक एजन्सी आहे, ऑफिसांना सफाईवाल्या आणि सोसायट्यांना वॉचमन देणारी. त्या सगळ्यांच्या टाइमशीट दर शनिवारी दत्तारामपुढे यायच्या. तो एकेक नीट बघून मंजूर करायचा. बावीस वर्षं हेच केलं त्यानं.

वर्सोव्याच्या दोघी जावा, शेवंती आणि सगुणा, मालाडच्या एका ऑफिसात लादी पुसायच्या. एक सकाळी, एक दुपारी. घरची होडी अजून होती. होडी बंदराला लागली की मासळी निवडायला घरातली एक बाई लागतेच, आणि होडी काय ड्यूटीचा तक्ता बघून येते? त्या दिवशी दुसरी दोन्ही पाळ्या मारायची. नाव मात्र जिची पाळी तिचंच लागायचं. पुढच्या खेपेला पहिली तिची फेड करायची. गेटवर फोटो निघायचा. शेवंतीच्या नावापुढे सगुणाचं तोंड दिसलं की दत्ताराम फोन लावायचा.

‘लादी पुसली ना गं?’

‘पुसली ना दादा.’

मंजूर! त्याचा बाप गिरणीत बदली कामगार होता, गैरहजर माणसाच्या जागी उभा राहणारा. त्यामुळे ह्यात काही वावगं आहे असं दत्तारामला कधी वाटलंच नाही. काम झालंय, माणूस उभा होता, अजून काय पाहिजे?

मग एजन्सीत नवीन टूल आलं. टाइमशीट मंजूर-नामंजूर आता एआय एजंट करणार. हर्षद, पस्तिशीचा मॅनेजर, पोरगा तसा सालस, तो म्हणाला, ‘काका, हे टूल कसं वापरायचं, कधी मंजूर करायचं, कधी नाही, ते एजंटसाठी लिहून काढा. जेवढं लिहाल तेवढंच त्याला कळणार.’

बावीस वर्षांत दत्तारामला कुणी काही लिहायला सांगितलं नव्हतं. गडी फुलून गेला. तिसऱ्या कलमात त्यानं लिहिलं, ‘शंका आल्यास मागील सर्व नोंदी तपासून पाहाव्यात.’ वाक्य त्याला इतकं आवडलं की चार वेळा वाचलं.

चाचणीच्या पहिल्याच आठवड्यात एजंटनं शेवंतीचे दोन दिवस उडवले. शेरा: फोटो जुळत नाही. दत्तारामनं हातानं ते मंजूर केले. पण एक तारखेपासून त्याच्याकडे ते बटण राहणार नव्हतं. ‘शिरा पडली त्या मशीनवर,’ तो पुटपुटला, आणि त्यानं शेवंतीला फोन लावला. अदलाबदलीचं सगळं नीट लिहून टाकतो म्हणाला.

‘लिवू नको, दादा,’ शेवंती लगेच म्हणाली. ‘तोंडातली गोष्ट तोंडातच बरी.’

‘अगं, लिहिलं नाही तर तुला ओळखणार कोण? मी असणार नाही तिथे.’

‘नको रे लिवू.’

त्यानं लिहिलं. कलम चौदा. दोघींची नावं, होडीचं कारण, फेड कशी होते ते, आणि शेवटी: ‘सबब अशा दिवशी हजेरी मंजूर करावी.’ लेखी असलं की माणूस वाचतो, असं त्याला खरंच वाटत होतं. काय म्हणावं ह्याला!

एक तारखेला एजंटनं कलम चौदा वाचलं. एकीच्या नावावर दुसरी उभी राहते, म्हणजे शंका आली. शंका आली म्हणून कलम तीनप्रमाणे त्यानं तीन वर्षांचे फोटो काढले. दुपारपर्यंत एकसष्ट दिवसांची यादी तयार होती, खोटी हजेरी म्हणून. यादी आपोआप मालाडच्या ऑफिसलाही गेली. संध्याकाळी तिकडून उत्तर आलं, उद्यापासून दोघी नकोत.

‘अरे, पण मंजूर करावी असं लिहिलंय ना मी!’ दत्ताराम ओरडलाच.

‘काका, खोट्या हजेरीला मंजुरी नाही, हा कंपनीचा नियम वरचा. तुमचं कलम त्याच्या खाली,’ हर्षद म्हणाला. त्यालाही कसंतरी झालं होतं. त्यानं विषय बदलला. ‘बाकी डॉक्युमेंट झकास झालंय हं. इतकं क्लिअर कुणीच दिलं नव्हतं.’

दत्ताराम तसाच वर्सोव्याला गेला. शेवंती दारात बोंबील निवडत होती. दर हंगामात ती त्याला पुडी बांधून द्यायची. त्या दिवशी तिनं बस म्हटलं नाही.

‘लिवला नसतास तं दोन दिसांचा पगार गेला असता, दादा,’ ती खाली बघूनच म्हणाली. ‘लिवलास म्हनून दोघींचं काम गेलं.’

सगुणा आतून बाहेरच आली नाही. दत्तारामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला गेलेला माणूस आल्या पावली परतला.

पंधरा दिवसांनी, आता मुलुंडच्या साइटवरही एजंट येणार म्हणून, हर्षदनं तिथलं लिहायचं काम त्याच्यावरच टाकलं. ‘तुमच्यासारखं बारकाईनं कोण लिहिणार, काका?’ तिथे राजाराम नावाचा वॉचमन होता. महिन्यातून चार दिवस त्याच्या जागी त्याचा भाऊ उभा राहायचा, हे दत्तारामला ठाऊक होतं. ह्या वेळी त्यानं दोनच ओळी लिहिल्या. फोटो जुळला तर मंजूर. नाही जुळला तर नामंजूर.

मग बाहेर पॅसेजमध्ये जाऊन त्यानं राजारामला फोन केला.

‘एक तारखेपासून भावाला पाठवू नकोस.’

‘असं कसं साहेब? मग आईला डायलिसिसला नेणार कोण?’

पॅसेजमधून दत्तारामनं आत स्क्रीनवरच्या त्या दोन ओळींकडे बघितलं.

‘साहेब, तुम्ही लिहा ना तिथे काहीतरी,’ राजाराम म्हणाला. ‘तुम्हाला तर सगळं माहीत आहे.’