मामाचे दोन खांदे

आमच्याकडे हळदीला नवरदेव मामाच्या खांद्यावर बसून नाचतो. माझ्या मुलाला सख्खा मामा एकच, माझा धाकटा भाऊ. भाचा जन्मला तेव्हापासून हा त्या दिवसाची वाट बघत होता. आणि लग्न तोंडावर आलं असताना टेंपोतून तांदळाची गोणी उतरवताना पाय घसरून उजव्या खांद्यावर पडला.

कर्जतला एक्स-रे काढला. खांद्याच्या टोकाचं हाड मोडलंय, असं पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं. फट मलाही दिसली. भाऊ भिसेगावच्या घरी हात झोळीत अडकवून भिंतीकडे तोंड करून बसला. जेवेना.

"ताई, नवरदेव उचलाय आपल्या चुलतभावाला सांग," एवढंच म्हणाला.

"चुलतभाऊ गेला उडत," म्हणत मी त्याला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी खांदा चाचपला, फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "डाव्याचाही फोटो काढून आणा."

"दुकतो उजवा हाय, डाव्याचा कशाला?" भाऊ कुरकुरला. माझंही डोकं फिरलं होतं, पण गेलो.

डाव्या खांद्यातही तशीच फट! डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी लावले. तो टोकाचा तुकडा लहानपणी सुटाच असतो, मोठेपणी सांधला जातो. काहींचा सांधतच नाही. कडा गुळगुळीत, दोन्हीकडे सारख्या. "मोडलं काही नाही, ही यांची ठेवणच आहे. स्नायू दुखावलाय. महिनाभर उजव्यावर ओझं नको."

"आनि डाव्यावर?" भावाने लगेच विचारलं.

डॉक्टर हसले. "डावा ठणठणीत आहे. पण एकट्याने नाही."

हळदीला तो डावा खांदा पुढे करून उभा राहिला. मुलगा माझ्या हातचं खाऊन चांगला भरलाय. आधाराला चुलतभाऊ पुढे आला, त्याला बाजूला सारून मीच पदर खोचला.

"अगं, आई कधी नवरदेव उचलते का?" जाऊबाई ओरडल्या.

"आज उचलते!"

मुलाला लोकांनी वर चढवलं. अर्धा भावाच्या डाव्या खांद्यावर, अर्धा माझ्या उजव्यावर. भाऊ नाचत होता, रडत होता आणि माझ्यावरच खेकसत होता, "ताई, तिकडं झुकू नको गं, पडंल पोरगं!"

माझ्या खांद्याचा फोटो कधी कुणी काढलेला नाही. पण काढलाच तर तिथेही तीच फट निघावी, असं मला तेव्हा फार वाटलं.